प्लेनोतल्या छापखान्याची बारा मिनिटं

तुमच्या कपाटातला टी-शर्टांचा खण एकदा उघडून पाहा. मंडळाच्या गणेशोत्सवात स्वयंसेवक म्हणून मिळालेला एक तरी असेल. मुलांच्या सॉकर टीमचे दोन-तीन असतील, दर वर्षी एक साइज मोठा. ऑफिसनं कुठल्याशा धावण्याच्या शर्यतीसाठी दिलेला एक असेल, धुऊन धुऊन इतका विरलेला की आता फक्त झोपताना घालता. या प्रत्येकावर कोणीतरी शाई ओढलेली आहे. बऱ्याचदा हातानं, आणि जितके रंग तितक्या वेळा. पाठीवरची प्रायोजकांची नावं आपण वाचतो. छापणाऱ्याचं नाव तिथे नसतं.

२०२४ साली मी अशा एका दुकानावर लघुपट केला. बारा मिनिटांचा. दिवसा मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात कॅमेरा आणि एडिटिंग शिकले आहे. साउंडचं काम माझ्या पंधरा वर्षांच्या मुलानं केलं, तासाला किती डॉलर ते आधी ठरवून. तुमच्याही आसपास असं एखादं दुकान, एखादं स्वयंपाकघर, एखादे आजोबा असतील आणि तुम्हालाही वाटत असेल की यांचं काहीतरी टिपून ठेवावं. म्हणून ही हकिकत सांगते.

आधी गावाबद्दल. प्लेनो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतील. ते पश्चिमेचं प्लेनो. टोयोटानं २०१७ मध्ये आपलं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय तिथे थाटलं आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्या बाजूच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. पण हे गाव मुळात रेल्वेचं आणि कापसाचं. १८७२ मध्ये ह्यूस्टन अँड टेक्सास सेंट्रल रेल्वे इथे पोचली आणि काळ्या मातीतला कापूस इथून बाहेर जाऊ लागला. १९७० साली इथे जेमतेम अठरा हजार माणसं होती. २०२० च्या जनगणनेत २,८५,४९४. जुनं गाव पूर्वेला, पंधराव्या रस्त्याच्या आसपास आहे. १९४८ पर्यंत तिथून विजेवरची गाडी डॅलसला जायची. ती बंद पडल्यावर चौपन्न वर्षांनी, २००२ मध्ये, डार्टची रेड लाइन आली. त्या रुळांच्या आसपास गॅरेजं, टाइल्सची गोदामं, काच बसवणारे, गाद्या शिवणारे अशी पत्र्याच्या छपरांची रांग आहे. पश्चिमेकडच्या लोकांना तिथे जायचं काम सहसा गाडी ठोकल्यावरच पडतं.

त्या रांगेत काकांचं दुकान होतं. काका सावंतवाडीचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. "फिल्ममध्ये तोंड दिसलं तेवढं पुरे," म्हणाले. १९९८ मध्ये, चाळिशीत, बायको आणि मुलीला घेऊन ते इथे आले. बहिणीनं भरलेल्या अर्जाचा नंबर लागायला बारा वर्षं गेली होती. अर्ज भरला तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं, नंबर लागला तेव्हा मुलगी दुसरीत होती. आधी पेट्रोल पंपावर रात्रपाळी, मग एका छपाईच्या दुकानात मदतनीस, आणि २००५ मध्ये त्याच दुकानाचा म्हातारा अमेरिकन मालक निवृत्त झाला तेव्हा कर्ज काढून दुकानच विकत घेतलं.

छपाई त्यांना नवीन नव्हती. सावंतवाडीत ते लग्नपत्रिका छापायचे, स्क्रीनवर. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढला असाल तर तुम्हाला आठवेल, स्वयंरोजगाराच्या शिबिरांत मेणबत्त्या, खडू, अगरबत्ती यांच्या जोडीला स्क्रीन प्रिंटिंग असायचंच. मोठं मशीन लागत नाही, वीज गेली तरी काम अडत नाही, आणि घरातली एक खोली पुरते. काकांच्या घरी रात्री पत्रिका सुकायला जमिनीभर पसरलेल्या असायच्या आणि भिंतीला धरून चालत न्हाणीघरापर्यंत जावं लागायचं.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे नेमकं काय, ते पाहिलं नसेल तर सांगते. लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट घ्यायची आणि तिच्यावर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. पूर्वी हे कापड रेशमी असे, म्हणून सिल्क स्क्रीन. आता पॉलिएस्टर. त्या जाळीवर अंधाऱ्या खोलीत इमल्शनचा पातळ थर द्यायचा. तो सुकला की चित्राची फिल्म त्याला चिकटवून ठेवायची आणि फिल्मच्या बाजूनं प्रखर प्रकाश सोडायचा. जिथे प्रकाश पोचतो तिथे इमल्शन कडक होऊन जाळी बुजते. जिथे फिल्मवरच्या काळ्या शाईनं प्रकाश अडवला, तिथे इमल्शन मऊ राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन जातं. म्हणजे चित्र जिथे हवं तिथे जाळी मोकळी. आता शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीनं, म्हणजे स्क्विजीनं, ओढायची. मोकळ्या जाळीतून ती खालच्या कापडावर उतरते. दुसरा रंग हवा तर दुसरी चौकट. तिसरा हवा तर तिसरी. आणि सगळ्यांची चित्रं केसाच्या अंतरानंही न हलता एकमेकांवर बसायला हवीत.

या पद्धतीचं पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये घेतलं. स्टेन्सिलची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे, चीन-जपानमधली. टी-शर्टांसाठी लागणारं गोल फिरणारं, अनेक रंगांचं यंत्र मायकेल व्हॅसिलँटोन यांनी साठच्या दशकात बनवलं आणि त्याचं पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळालं. काकांच्या दुकानात त्याचंच एक वंशज होतं. चार रंगांचं, सहा फळ्यांचं, हातानं फिरवायचं. रहाटपाळण्यासारखं, फक्त आडवं.

सावंतवाडीत काकांकडे प्रकाशाचं यंत्र नव्हतं. ते स्क्रीन उन्हात धरायचे, मनात आकडे मोजत. "लग्नाचा आणि उन्हाचा सीझन देवानं एकच ठेवलाय गो," ते मला म्हणाले. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू व्हायची ती थेट मृगापर्यंत. नंतर पाऊस, चातुर्मास, आणि काम बंद. टेक्सासमध्ये वर्षभर ऊन आहे आणि स्क्रीन मात्र पेटीत ट्यूबवर भाजायची, याचं त्यांना शेवटपर्यंत हसू यायचं.

आता चित्रीकरणाकडे येते. पहिल्या दिवशी मी काकांना खुर्चीत बसवलं, कॉलरला माइक लावला आणि प्रश्न विचारले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन तास ते बोलले आणि सत्काराला उत्तर देताना माणूस बोलतो तसं बोलले. मराठी माणूस धंद्यात मागे का, कष्टाला पर्याय नाही, या देशानं आपल्याला खूप दिलं. सगळं खरं आणि मनापासूनचं होतं, आणि आपण सगळ्यांनी ते दहा स्नेहसंमेलनांत ऐकलेलं होतं. मुलगा हेडफोन काढून म्हणाला, "आई, हे तर ते मंडळाच्या स्टेजवरही बोलले होते."

दुसऱ्या आठवड्यात मी खुर्ची काढून टाकली. काका काम करत असताना कॅमेरा तिवईवर ठेवला आणि मीही टी-शर्टांच्या घड्या घालायला बसले, काकूंच्या शेजारी. तासाभरानं काका आपोआप बोलायला लागले. हात शाईत असले की त्यांच्या गजाली सुरू व्हायच्या. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलीचं नाव चुकलं होतं आणि तिच्या वडिलांनी तीनशे पत्रिकांवर रात्रभर बसून पेनानं वेलांटी दुरुस्त केली, ही गोष्ट मला अशीच मिळाली. प्रश्न विचारून ती कधीच मिळाली नसती. तुम्ही कोणाचं चित्रीकरण करणार असाल, तर त्यांच्या हातात काम राहू द्या. भाजी निवडणं, शिवण, काहीही चालेल.

तांत्रिक गोष्टी दोन सांगते, कारण तुमच्याही उपयोगी पडतील. माझा कॅमेरा पुण्यात घेतलेला आहे. भारतात वीज पन्नास हर्ट्झची, इथे साठची. तिथली सेटिंग ठेवून इथल्या ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं तर चित्र लपलप करतं. शटर एकपन्नासांशावरून एकसाठांशावर न्यायचं, की थांबतं. दुसरी गोष्ट अंधाऱ्या खोलीची. इमल्शनला पिवळा प्रकाश चालतो, म्हणून तिथे सगळं हळदीत बुडवल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याला स्वतःच्या मनानं रंग ठरवू दिलं, तर तो पिवळा खोडून काढून खोली पांढरीफटक करतो. म्हणून व्हाइट बॅलन्स हातानं बांधून ठेवावा लागतो. त्या पिवळ्या खोलीत काका स्क्रीन धुतात आणि पाण्याखाली हळूहळू गणपतीची सोंड उघडी पडते, तो शॉट लोकांना सर्वांत आवडला.

काकांना मी एकदा फाळक्यांबद्दल सांगितलं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, हे आपल्याला शाळेत कोणी फारसं सांगत नाही. फोटो, ब्लॉक, लिथोग्राफी हे सगळं त्यांनी केलं. स्वतःचा छापखाना काढला, नव्या तंत्रासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि भागीदारांशी न पटल्यानं तो धंदा सोडला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी 'अंकुराची वाढ' नावाचा छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपत गेले. तो दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. गोष्ट नाही, नट नाही, फक्त एक गोष्ट होताना दाखवायची. काका स्क्विजी पुसता पुसता थांबले. "म्हणजे पहिली डॉक्युमेंटरी छापखानेवाल्यानंच केली म्हण ना." पहिली की कितवी या वादात मी पडले नाही. त्या दिवसापासून मात्र काका कॅमेऱ्याकडे बघेनासे झाले.

आणि आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

दुकानात छापायचं मुख्य काम काका करत नव्हते. ते करायचा एक माणूस, मेक्सिकोचा, पन्नाशीतला. जुन्या मालकापासून तिथे होता. काकांनी दुकान घेतलं तेव्हा यंत्रांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, पण सोमवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे कामावर आला आणि काकांनी दार उघडलं. काका त्याला मेस्त्री म्हणतात. कोकणात सुतार-गवंड्याला म्हणतात तसं. त्याच्या कानाला ते त्याच्या भाषेतलं 'माएस्त्रो' वाटलं आणि त्यानं आनंदानं ओ दिली. आपला मेस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला आणि त्याचा माएस्त्रो स्पॅनिशमधला, दोन्हींचं मूळ एकच लॅटिन. एकोणीस वर्षं दोघांना वाटत होतं की समोरचा आपल्या भाषेत बोलतोय, आणि दोघांचंही बरोबर होतं.

मेस्त्रीला मराठीतलं 'थांब', 'पुढे' आणि 'बस झालं' येतं. काका शर्ट मोजतात ते स्पॅनिशमध्ये. मेस्त्रीचा हात बघण्यासारखा. स्क्विजीचा कोन, दाब आणि वेग पहिल्या शर्टापासून शेवटच्या शर्टापर्यंत एकच. काळ्या शर्टावर आधी पांढऱ्याचा थर द्यायचा, तो झटपट भाजायचा, मग वर रंग. प्लास्टिसोल शाई हवेनं सुकतच नाही, तिला साधारण एकशे साठ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. त्यामुळे जुलैत बाहेर अडतीस अंश असताना आत भट्टीच्या तोंडाशी काय होत असेल, विचार करा. तिथे तो आठ तास उभा असायचा आणि एका खेपेला शंभर शर्टांत एखादाच बाद व्हायचा.

तिसऱ्या आठवड्यात मेस्त्री माझ्याकडे आला नाही, माझ्या मुलाकडे गेला. मुलगा शाळेत तीन वर्षं स्पॅनिश शिकतोय. दोघं मागच्या दारात बोलत होते. नंतर मुलगा गाडीत मला म्हणाला, "आई, त्यांना चेहरा नकोय. आवाज पण नको. हात चालतील, पण ग्लोव्ह्ज घालून. आणि त्यांनी विचारलंय की आधीचं काय करणार."

कारण काय, असं मी मुलाला विचारलं नाही आणि मेस्त्रीला तर नाहीच. टेक्सासमध्ये राहणाऱ्या तुमच्या मनात एक कारण लगेच आलं असेल. माझ्याही आलं. पण ते खरंच असेल असं नाही. माणसाला नुसतं दिसायचंही नसू शकतं. कारण विचारलं की उत्तर मनात राहतं, आणि एकदा मनात राहिलं की ते आपण सांभाळू शकू याची खात्री मला नव्हती. म्हणून मुलाला मध्ये घेऊन आम्ही एवढंच ठरवलं की काय दिसेल आणि काय दिसणार नाही.

अडचण अशी, की आतापर्यंतचा माझा सगळ्यात चांगला शॉट त्याचाच होता. एका दुपारी काका जुनं नाट्यगीत गुणगुणत होते, तान फसली, आणि मेस्त्रीनं मागं वळून मोठ्यानं 'बस झालं' म्हटलं. मग दोघं हसत सुटले. काका भट्टीला टेकून, हा स्क्विजी हातात धरून. असा एक शॉट मिळाला की फिल्म उभी राहते, हे कोणत्याही वर्गात न जाता कळतं. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप दुकानात नेला, मेस्त्रीला त्याचे सगळे शॉट दाखवले, आणि त्याच्यासमोर पुसले. हार्ड डिस्कवरचे आणि कार्डावरचेही. तो हसण्याचा शॉट त्यानं दोनदा पाहिला. मग मान हलवली. मी तो पुसला.

काका नाराज झाले. माझ्यावर नाही, एकंदरीतच. "मग फिल्म खोटी होणार गो," म्हणाले. "लोक म्हणतील काकांनी एकट्यानं केलं. एकट्यानं कोण करतो?" त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत होतं. आपल्याकडच्या यशोगाथांत असंच होतं. सावंतवाडीहून आलेला माणूस, पेट्रोल पंप, कर्ज, स्वतःचं दुकान. ओळी इतक्या सरळ जुळतात की दुसरं माणूस त्यात मावतच नाही. मंडळातल्या दोघा-तिघांनाही तशीच फिल्म हवी होती, प्रेरणादायी, शेवटी झेंडा वगैरे. मेस्त्रीला दाखवला तर त्याच्याशी दगा, आणि वगळला तर खऱ्याशी. तुम्ही काय केलं असतं?

उत्तर काकूंनी काढलं. काकू दुकानाचा हिशोब बघायच्या, घड्या घालायच्या आणि फोनवर गिऱ्हाइकांना हो-नाही करायच्या. त्या म्हणाल्या, "चेहरा नको म्हणाला ना? मग तो नाहीये असं कशाला दाखवतेस? आहे पण दिसत नाही, असं दाखव." मग आम्ही तसंच केलं. चार हात असलेलं काम चार हातांनीच दाखवलं. काका शर्ट फळीवर चढवतात, दुसरे हात, काळ्या ग्लोव्ह्जमधले, शाई ओढतात. यंत्र फिरतं. काका बोलतात आणि मध्येच कॅमेऱ्याच्या बाहेर कोणाकडे तरी बघून हसतात. डब्याच्या वेळी टेबलावर तीन ताटं. दोन ठिकाणी आमटी-भात, तिसऱ्या ठिकाणी टॉर्टिया, आणि काकूंच्या लोणच्याची बरणी बरोबर तिसऱ्या ताटाजवळ. एकदाही कोणी सांगत नाही की तिसरं कोण.

एक गोष्ट फिल्मच्या शेवटी वापरली, तीही तुम्हाला सांगते. काम झालं की इमल्शन रसायनानं काढून टाकतात आणि तीच जाळी पुढच्या कामाला वापरतात. पण शाईचा हलका डाग जाळीत राहतो. उजेडासमोर धरलं की जुनं चित्र पुसट दिसतं. छापणारे त्याला भूतच म्हणतात. काकांनी एक जुनी चौकट खिडकीत धरली. तिच्यात एका शाळेच्या फुटबॉल टीमचं वाघाचं तोंड होतं, त्याच्यावर कोणाच्या तरी कौटुंबिक संमेलनाचं झाड, आणि दोन्हींच्या आरपार आमच्याच मंडळाच्या ढोल-पथकाचा ताशा. शुक्रवारी रात्री फुटबॉल बघायला जाणारे, रविवारी लेझीम खेळणारे आणि कुठल्याशा बागेत दर उन्हाळ्याला जमणारे ते कुटुंब, सगळे एकाच जाळीतून गेलेले.

दुकान बंद होणार हे शूटिंग सुरू झालं तेव्हाच माहीत होतं. भाडेकरार २०२४ च्या डिसेंबरात संपत होता, काकांचे गुडघे त्याच्या आधीच संपले होते. मुलगी ऑस्टिनला आहे, तिचा धंदा वेगळा. शिवाय बाजार बदललाय. आता डिजिटल छपाईत एकच शर्टही परवडतो, स्क्रीन करायची गरज नाही. स्क्रीनचं गणित उलटं असतं. चौकटी तयार करायची मेहनत बारा शर्टांना तेवढीच आणि बाराशेंना तेवढीच. त्यामुळे जितके जास्त शर्ट तितका एक स्वस्त. मोठ्या ऑर्डरी मोठ्या कारखान्यांकडे गेल्या, एकेकट्या संगणकाकडे. मधले पन्नास-शंभर शर्ट, म्हणजे शाळा, मंडळं, देवळं, गल्लीतले बेकरीवाले, एवढेच काकांकडे उरले होते.

माझ्या फिल्ममध्ये जे नाही ते इथे सांगते. यंत्राला एका व्यापाऱ्यानं चांगली किंमत देऊ केली होती. काकांनी ते मेस्त्रीला दिलं, त्याहून बऱ्याच कमी पैशांत, महिन्याच्या हप्त्यांनी, फक्त काकूंच्या वहीतल्या एका पानावर. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, निदान लिहून तरी घ्या." काका म्हणाले, "आईनं लिहिलंय ना." डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून यंत्राचे नटबोल्ट सोडले. प्रत्येक भागावर मेस्त्रीनं चिकटपट्टी लावून आकडे लिहिले. त्या दिवशी कॅमेरा मी गाडीतच ठेवला होता. मुलानं मात्र जायच्या आधी सगळ्यांना गप्प करून रिकाम्या दुकानाचा एक मिनिट आवाज रेकॉर्ड केला. साउंडवाले प्रत्येक जागेचा असा एक मिनिट घेतात, एडिटिंगमध्ये सांधे बुजवायला लागतो. त्यात भट्टी नाही, पंखा नाही. लांबून डार्टच्या गाडीची घंटा आहे आणि काकांचा खोकला. श्रेयनामावली त्याच्यावर चालते.

संक्रांतीच्या कार्यक्रमात फिल्म दाखवली. तिळगुळाच्या रांगेआधी, त्यामुळे गर्दी होती. संपल्यावर एका काकूंनी माइक मागून घेतला आणि विचारलं, "ते दुसरे हात कोणाचे?" मी काही बोलणार तेवढ्यात काका उभे राहिले. म्हणाले, "ज्याचे आहेत, त्याचे. छापायचा तो. मी बिलं करायचो." आणि खाली बसले. सभागृहात थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग एकानं टाळी वाजवली. मेस्त्री आला नव्हता. काकूंनी त्याच्यासाठी तिळाच्या लाडवांचा डबा बाजूला काढून ठेवला होता.

माझ्या मुलानं नंतर एक गोष्ट विचारली. "त्यांचा तो हसण्याचा शॉट मला अजून आठवतो. तो पुसला असं म्हणता येईल का?" मी म्हटलं, तू आणि मी दोघंच बघू शकतो तो, तेवढं चालेल त्यांना. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "विचारतो." पुढच्या वेळी भेटला तेव्हा त्यानं खरंच विचारलं. मेस्त्री म्हणाला, चालेल.

यंत्र आता दुसऱ्या एका गावात, कोणाच्या तरी शेडमध्ये उभं आहे. कुठल्या, ते लिहीत नाही. हप्ते वेळेवर येतात आणि काकू वहीत टिकमार्क करतात. काका आठवड्यातून एकदा तिथे जाऊन बसतात, गुडघ्याला पट्टा बांधून. फोन अजूनही काकूच घेतात. त्यामुळे प्लेनो-फ्रिस्को भागातल्या कोणाचं यंदाच्या गणपतीच्या टी-शर्टांचं अजून ठरलं नसेल, तर कार्यकारिणीत विषय काढा आणि मला कळवा. चोवीसच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. चार रंगांपर्यंत चालतं. आणि गणपतीची सोंड कोणत्या बाजूला ते आधीच ठरवून या, नंतर बदललं तर नवी चौकट लागते.